मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांसाठी चार्जर, एसी की डीसी?

नमस्कार मंडळी. दोन गाड्या आहेत: एकीला २एस, दुसरीला ३एस लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी; २एस म्हणजे ओळीने जोडलेले दोन सेल, ३एस म्हणजे तीन), दोन्ही ५००० एमएएच. शिवाय ७.२ व्होल्टचा जुना निकेल-मेटल हायड्राइड पॅकही आहे.

गाडीसोबत येणारा छोटा चार्जर ८०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे एका पॅकला सहा तासांहून जास्त. १सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्या करंटने, इथे ५ अँपिअरने भरायचं तर २एसला ४२ वॉट लागतात (पूर्ण भरलेल्या पॅकचे ८.४ व्होल्ट × ५) आणि ३एसला ६३. म्हणून ५० वॉटचा चार्जर ३एसला जेमतेम ४ अँपिअर देईल.

पर्याय दोन:
एक, ८० वॉटचा एसी चार्जर. थेट प्लगला लावा, पण एका वेळी एकच पॅक.
दुसरा, दोन चॅनलचा डीसी चार्जर आणि वेगळा एसएमपीएस (प्लगच्या एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय). दोन्ही पॅक एकदम लावले तर आउटपुटच १०५ वॉट, त्यात चार्जरचा स्वतःचा व्यय. १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस अगदी काठावर येतो. १५ अँपिअरचा घ्यावा की सरळ २४ व्होल्टचा?

बॅलन्स चार्जिंग (सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणं) आणि प्रति सेल ३.८ व्होल्टचा स्टोरेज मोड (न वापरता ठेवण्यासाठी) हवाच. लायपो पूर्ण भरून बरेच दिवस ठेवली की लवकर खराब होते, फुगूही शकते. बॅलन्स करंट ३०० मिलीअँपिअर पुरेल का? विशेषतः सेलमध्ये ०.०५ व्होल्टचा फरक पडलेल्या पॅकबद्दल सांगा. कनेक्टर एक्सटी६० आहेत.