फोटो नीट येतात, पण बघणारा थांबत नाही. काय करू?

चारुता_विक्रोळी

नमस्कार मंडळी,

राहते विक्रोळीला, नोकरी फोर्टात. ऑफिसमधल्या एकाने विकायला काढलेला निकॉन डी५६०० घेतला, सोबत कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ची झूम, म्हणजे किट लेन्स. सुरुवातीला ऑटोवर काढायचे, आता ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र मी ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) काढते. शटर, आयएसओ, फोकस पॉइंट ही भानगड समजते. ग्रिड लावून विषय तिसऱ्या हिश्श्यावर ठेवते. फोटो हलत नाहीत, काळे पडत नाहीत.

तरीही घरच्यांना, मैत्रिणींना दाखवले की "छान" म्हणतात आणि बोट पुढे सरकवतात. नवरा तर म्हणतो, मोबाइलवर याहून बरे येतात. (त्याला उत्तर द्यायचंय, हेही एक कारण आहे.)

तीन फोटो जोडले आहेत: बाणगंगा, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त आणि गिरगावची पाडव्याची शोभायात्रा. मला लेन्स बदलायला हवी, की नजर? वेळ फारसा नाही. सकाळी सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाते तेवढा, आणि एखादा रविवार.

पस्तीस_एमएम

३५ एमएम एफ/१.८ लेन्स घे, झूम नाही पण उजेड जास्त घेते. सेकंडहँड मिळते. किट लेन्स विकून टाक. विषय संपला.

गिरगावातले_काका

विषय संपला नाही, आत्ता सुरू झालाय.

चारुता, वयाने मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो. तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. राग मानू नकोस.

बाणगंगेच्या फोटोत पायऱ्या आहेत, बदकं आहेत, दीपमाळ आहे, मागे टॉवर आहे आणि उजव्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर आहे. यातलं तुला काय आवडलं म्हणून कॅमेरा वर उचललास? फोटो म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो नव्हे, आलेल्या प्रत्येकाला स्टेजवर चढवायला. बदकं आवडली असतील तर खालच्या पायरीवर जाऊन बस, कॅमेरा पाण्याच्या जवळ आण. दीपमाळ आणि लोक चौकटीबाहेर जातील, टॉवरचं फक्त पाण्यातलं हलतं रूप उरेल, आणि ते बदकांच्या मागे शोभेल. टॉवर आवडला असेल तर तसं सांग, मग दीपमाळ आणि टॉवर अशी दोघांचीच जोडी लाव. तिसऱ्या हिश्श्याची रेघ बरोबर पाळली आहेस, पण त्या रेघेवर नक्की कोणाला उभं करायचं हे आधी ठरायला हवं ना?

आता ते कोपर. काढताना ते तुला दिसलंच नसेल, कारण तुझ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. उरलेलं फोटोत गुपचूप येऊन बसतं. घाई नसेल तेव्हा मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लाव, तिथे पूर्ण चौकट दिसते. आणि बटण दाबायच्या आधी डोळा एकदा चारही कडांवरून फिरव. विषयाकडे बघू नकोस, तो कुठे पळत नाही. कडा बघ.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. फिल्मच्या काळात फोर्टातल्या एका लॅबमध्ये प्रिंटर होतो. ३६ फोटोंचा अख्खा रोल आठ बाय दहा इंचाच्या एका कागदावर निगेटिव्हच्याच आकारात छापला जायचा, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट व्हायचा. त्यावर पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे सरकवत ठरवायचं की एन्लार्ज करताना कुठून कापायचं. नावाजलेले फोटोग्राफर यायचे, हौशीही यायचे. कडेचा कचरा दोघांकडे असायचा. फरक एवढाच की नावाजलेला माणूस एकाच जागेचे दहा-बारा फ्रेम घेऊन यायचा आणि प्रत्येकात एक पाऊल इकडे किंवा तिकडे सरकलेला असायचा. हौशी माणसाच्या रोलवर ३६ वेगवेगळ्या जागा. तुझा रविवारचा फोल्डर उघडून बघ, कोणत्या जातीतला आहे.

म्हणून माझं म्हणणं: फिरणं कमी कर. तुझ्या रोजच्या वाटेवर, सीएसएमटी ते हुतात्मा चौक, दादाभाई नौरोजी रोडच्या कमानी आहेत. त्यातली पश्चिमेच्या फुटपाथवरची एकच कमान निवड. सध्या डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास समोरच्या इमारतींमुळे त्या फुटपाथवर बहुतेक सावली असते, पण बोरा बाजाराच्या बाजूने ज्या गल्ल्या रस्त्याला मिळतात, त्यांच्या तोंडातून ऊन तिरकं आत शिरतं आणि खांबांमध्ये एखादा पट्टा टाकतं. तो पट्टा कुठे पडतो हे आधी दोन-तीन सकाळी नुसतं बघ, कॅमेरा पिशवीत ठेव.

मग कॅमेरा मॅन्युअलवर टाक. छिद्र एफ/८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० इथून सुरू कर. पट्ट्यात माणूस आला की चेहऱ्यावर तपशील येतोय का ते पाहा आणि थोडं इकडे-तिकडे कर. ॲपर्चर प्रायॉरिटी इथे फसते. चौकटीत सगळीकडे अंधारी कमान, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं दृश्य काळं आहे. तो उजेड वाढवतो आणि ज्या उन्हासाठी आपण थांबलो तेच पांढरं फटक होतं. सावल्या काळ्या पडू देत. त्या काळोखातच तो फळकुटावर चष्मे मांडणारा, मागचे बोर्ड, उघडी गटारं सगळं बुडतं आणि चौकट आपोआप साफ होते.

फोकस आधीच त्या पट्ट्यावर लावून मॅन्युअल फोकसवर कर, लेन्स २४ ते ३५च्या मध्ये ठेव आणि थांब. शिपाई जाईल, डबेवाला जाईल, छत्री हातात घेतलेली पारशी म्हातारी जाईल. कोण पट्ट्यात नीट येतं ते तुझ्या हातात नाही. पाऊल उचललेलं असताना बटण दाब, दोन्ही पाय जमिनीवर असले की माणूस खांबासारखा दिसतो. ऑफिसला पाच मिनिटं उशीर होईल, साहेबाला काय सांगायचं ते तू बघ.

स्टेशनच्या आत मात्र कॅमेरा काढू नकोस, हटकतात. बाहेर पड आणि मग काढ.

मरीन ड्राइव्हबद्दल उद्या लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

मेधा_दादर

काकांना अनुमोदन, पण पस्तीसवाल्याचंही अगदीच चूक नाही. मी पहाटे दादरच्या फूल बाजारात काढते, तिथे किट लेन्स कुठे कमी पडते ते सांगते. १८वर एफ/३.५ मिळतं, ५५ला गेलीस की एफ/५.६ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). म्हणजे सव्वा स्टॉपहून जास्त, निम्म्याहून अधिक उजेड गेला. हार ओवणारीचे हात सतत चालू असतात, तिथे १/१२५च्या खाली गेलं की बोटं पुसली जातात. लेन्समधलं व्हीआर इथे काही करू शकत नाही. ते आपला हात सावरतं, तिचा नाही. त्यामुळे झूम करायचं सोडून १८-२४वर ठेवून जवळ जायचं. आयएसओ ३२००ला घाबरू नकोस, दाणे दिसतील, चालतं. हललेलं दुरुस्त होत नाही.

आणि जवळ जायचं म्हणजे बोलायचं. "मावशी, फोटो काढू का?" एवढं विचारलं की निम्म्या हसतात, निम्म्या "आधी गजरा घे" म्हणतात. गजरा घ्यायचा. पहिले फोटो पोझचे येतात, ते काढून टाकायचे. गिऱ्हाईक आलं की त्या आपल्याला विसरतात, तेव्हा खरे येतात.

रंगाचं एक: बाजारात पिवळे बल्ब आणि वरून पहाटेचा निळा उजेड एकत्र असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप ठरवणारी सोय, फ्रेमगणिक मत बदलतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढ, घरी एकदा ठरव, सगळ्यांना तेच लाव.

पस्तीस_एमएम

अगदीच चूक नाही म्हटल्याबद्दल आभार 😄

सातरस्ता

काकांना एक विचारतो. थांबायचं वगैरे कमानीत ठीक आहे. शोभायात्रेत कुठे थांबणार? तिथे मागून ढोल, पुढून बुलेट, बाजूने सतरा मोबाइल. चारुताचा तिसरा फोटो तोच आहे, नऊवारीतली बाई बुलेटवर आणि तिच्या डोक्यातून राजकारण्याचा फ्लेक्स उगवलाय.

गिरगावातले_काका

सातरस्ता, बरोबर पकडलंत. तिथे मी यात्रेत उतरतच नाही. यात्रा निघायच्या आधी फडकेवाडीच्या आसपासच्या गल्ल्यांत जा. फेटा बांधून घेणारा पोरगा, आरशाशिवाय नथ नीट करणारी, लेझीम हातात घेऊन वडा खाणारी मुलं. गर्दी नसते आणि चाळींच्या भिंती मागे असतात. जुना रंग उडालेल्या भिंतीइतकी चांगली पाठ विकत मिळत नाही.

यात्रेतच काढायचं असेल तर फ्लेक्सचा एकच उपाय, उंची बदलणे. गुडघ्यावर बसलं की बुलेटवालीच्या मागे आकाश येतं. चाळीच्या गॅलरीत चढलं की मागे रस्ता आणि रांगोळी येते. डोळ्यांच्या उंचीवर या शहरात कायम कुणीतरी फ्लेक्सवरून हात जोडून उभा असतो.

आता मरीन ड्राइव्ह. सूर्य चौकटीत घेतलास, बाकी सगळं काळं. काळं असायला हरकत नाही, पण त्या काळ्याला आकार हवा. कठड्यावर बसलेली दोन माणसं एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झाली आहेत. त्यांच्या मधून आकाशाची फट दिसेपर्यंत तू डावीकडे सरकायला हवं होतंस, फूटभर पुरलं असतं. आणि एक्स्पोजर (उजेडाचं मोजमाप) आकाशावरून घे, सूर्याच्या बाजूच्या पट्टीवरून, सूर्यावरून नको.

ऋतूही बघ. कठड्याच्या मधल्या भागातून डिसेंबरात सूर्य नैऋत्येला, उघड्या समुद्रात बुडतो. जूनमध्ये तो मलबार हिलच्या मागे जातो. अर्थात जूनमध्ये दिसला तर. ढगांचा उजेड मात्र चेहऱ्यांसाठी उत्तम, सावल्या मऊ असतात. उलट मेच्या मध्यावर भर दुपारी कॅमेरा घरीच ठेवावा. १५ मेच्या सुमारास मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात.

चारुता_विक्रोळी

काका, मेधाताई, सगळ्यांचे आभार. कोपर खरंच आत्ता पाहिलं!

दोन शंका. एक, मॅन्युअलवर ठेवल्यावर ढग आला तर? दोन, रोज एकाच जागेचे फोटो काढून शेवटी ठेवायचे कोणते, हे कसं कळतं? आत्ताच कार्डावर ढीग आहे.

मेधा_दादर

ढग आला की पट्टाच जातो, मग ऑफिसला जायचं 🙂 नुसतं ऊन मंद झालं तर आयएसओ दुप्पट कर, बाकी दोन आकडे तसेच राहू देत.

गिरगावातले_काका

निवड फोटो काढल्या दिवशीच करू नकोस. त्या दिवशी फोटोत नसलेलंही आठवतं, थंडी, तो माणूस काय बोलला, सगळं. आठवडा जाऊ दे. मग त्यातले डझनभर चार बाय सहाचे स्वस्तातले प्रिंट काढ आणि जमिनीवर पसर. स्क्रीनवर एकेक बघताना सगळे बरे वाटतात, शेजारी ठेवले की कमजोर लगेच कळतो. तरी अडलं तर प्रिंट उलटा धर, डोकं खाली. तेव्हा माणूस, गोष्ट दिसत नाही, नुसते काळे-पांढरे तुकडे दिसतात आणि तोल कुठे जातोय ते कळतं. लॅबमध्ये आम्ही हेच करायचो.

नवऱ्याला उलटा दाखवू नकोस, तो मोबाइलच बरा म्हणेल.

पस्तीस_एमएम

माझ्याकडे एक ३५ पडून आहे, वापरात नाही. फोर्टातच असतो. हवी तर महिनाभर घेऊन जा, मग ठरव. लेन्सच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची अट, आपल्या हवेत बुरशी धरते.

चारुता_विक्रोळी

घेते! आधी किटवर कमान करून बघते, मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.