एलडीएल उतरले, मग धमन्यांतील दाह कशाचा?

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर):
आमचे अण्णा, वय 61, यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. गतवर्षी हृदयविकाराचा झटका येऊन त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन नियमित चालू असून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 64 वर आले आहे. तरीही परवा एचएस-सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) 4.2 आल्याने डॉक्टर म्हणाले की दाह अजून आहे. चरबी उतरल्यावर हा दाह कशाचा, आणि त्यावर औषध असते काय?

उत्तर 1 (एमडी मेडिसिन, होटगी रोड):
एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकून त्यांचे ऑक्सिडीकरण झाले, की अस्तराच्या पेशी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात. त्या आत शिरून मॅक्रोफेज बनतात, चरबी गिळून फुगतात आणि तेथेच मरतात; त्यातून धमनीत चरबीचा थर साचतो. त्यांनी सोडलेली विकरे थरावरील तंतुमय आवरण कुरतडत राहतात. त्यामुळे अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेला थरही कधी कधी फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि झटका येतो. रक्तातील एलडीएल आज उतरले, तरी वर्षानुवर्षे साचलेल्या थरातील या पेशी लगेच निघून जात नाहीत.

उत्तर 2:
दाह हा आजाराचा नुसता परिणाम नसून कारणांपैकी एक आहे, याचा भक्कम पुरावा 2017 च्या कँटोस चाचणीतून मिळाला. झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी 2 किंवा अधिक असलेल्या 10,061 रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दाह कमी करते, एलडीएल कमी करत नाही, तरीही 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, हेही खरे. गाऊट या सांध्यांच्या दाहावरचे जुने औषध कोल्चिसिन 2019 च्या कोलकॉट चाचणीत उपयोगी ठरले, तर 2024 च्या क्लिअर सिनर्जी चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. मूत्रपिंड अधू असल्यास ते अंगलट येते, तेव्हा कुणाचे ऐकून दुकानातून आणू नये.

उत्तर 3 (पॅथॉलॉजी लॅब):
एका अहवालावर जाऊ नका. सीआरपी यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह असला तरी वाढते. 10 च्या वर गेल्यास आम्ही आधी संसर्ग शोधायला सांगतो. अण्णांना सर्दी-ताप नसताना, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर हिरड्याही पाहून घ्या. हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो असे सिद्ध झालेले नाही. तंबाखू सोडल्याने धोका घटतो, हे मात्र निश्चित आहे.

प्रश्नकर्ता:
त्यांची दाढ ठणकते आहे, हे डॉक्टरांना सांगायचे राहिले होते. ती आधी दाखवतो.