डब्यावर '१०:१ एक्स्ट्रॅक्ट' लिहिलंय म्हणून औषधी दहापट जोरदार होते का?

माळरान:
हल्ली जिममधल्या पोरांपासून ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत सगळ्यांकडे अश्वगंधाच्या कॅप्सूल दिसतात आणि प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी असतंच, "१०:१ एक्स्ट्रॅक्ट", "५००० मिग्रॅ मुळीइतकी ताकद" वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा एकटाच छापला असेल तर त्यावर एक रुपयाही जास्त देऊ नये.

१०:१ म्हणजे १० किलो मुळ्या घेतल्या आणि त्यातून १ किलो अर्क निघाला, एवढंच. त्या एक किलोत कामाचं काय आलं आणि काय मागे चोथ्यातच राहिलं हे तो आकडा सांगत नाही. हळदीचंच बघा ना, तिच्यातला मुख्य घटक कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्याला अल्कोहोल किंवा तसलं द्रावक लागतं. मग कुणी हळद पाण्यात उकळून आटवली आणि १०:१ अर्क म्हणून विकली तर तो हिशोबाने खोटा नाही, पण त्यात कर्क्युमिन साध्या हळदीपेक्षाही कमी असू शकतं. वर अर्क चिकट असतो म्हणून पावडर व्हायला त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरणीची पावडर) घालतात, ते किती घातलं हेही बऱ्याचदा लिहीत नाहीत.

त्यामुळे डबा उचलला की दोनच गोष्टी बघायच्या, एका कॅप्सूलमध्ये अर्क किती मिग्रॅ आणि त्यात मुख्य घटक किती टक्के. अश्वगंधात तो विदॅनोलाइड्स. ५०० मिग्रॅची कॅप्सूल २.५ टक्केवाली असेल तर १२.५ मिग्रॅ मिळाले आणि ३०० मिग्रॅची ५ टक्केवाली असेल तर १५ मिग्रॅ. म्हणजे "छोटी" कॅप्सूल जास्त देते. टक्का छापलेलाच नसेल तर डबा परत ठेवा.

गोदाकाठ:
मी वैद्य आहे, नाशिकला प्रॅक्टिस आहे, आणि तुमचा पहिला अर्धा भाग मान्य असूनही दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे.

तुम्ही एका फसव्या आकड्यातून लोकांना बाहेर काढून दुसऱ्यात ढकलताय. अश्वगंधाच्या मुळीत विदॅनोलाइड्स सहसा एक टक्क्याच्याही खाली असतात. आता गिऱ्हाईक टक्का बघून घ्यायला लागलं की उत्पादकाला टक्का वाढवायचाच असतो, आणि सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे पानं. पानं स्वस्त, विदॅनोलाइड्स भरपूर, पण त्यात विदाफेरिन-ए हा एक विदॅनोलाइड मुळीपेक्षा खूप जास्त आणि ते पेशींना मारक आहे. ग्रंथांत पोटात घ्यायला मूळ सांगितलंय. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना पानं वापरू नका अशी सूचना काढावी लागली ती उगाच नाही. म्हणजे १० टक्के लिहिलेला डबा ५ टक्केवाल्यापेक्षा चांगलाच असं अजिबात नाही, उलट मी तिथे आधी विचारेन की यात मूळच आहे ना.

आणि आमच्याकडे चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम, दुधातून, तुपाबरोबर, पेशंटचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बघून. एका रेणूचे मिलिग्रॅम मोजून त्या औषधाची ताकद कळते हे मला पटत नाही.

तुरटी:
मी भोसरीत हर्बल अर्कांच्या क्यूसीमध्ये, म्हणजे दर्जा तपासणीत, काम करते, रोज हेच नमुने मशीनवर लावते, म्हणून दोघांनाही थोडं सांगायचंय.

माळरान, गुणोत्तर निरर्थक नाहीये, ते अर्धवट छापलं जातं ही खरी अडचण आहे. कोणतं द्रावक, मुळी कोरडी की ओली, १०:१ हे शुद्ध अर्काचं की माल्टोडेक्स्ट्रिन घातल्यानंतरचं, एवढं सोबत दिलं तर गुणोत्तरावरून खूप कळतं, मुळात एवढी मुळी खरंच वापरली का हेसुद्धा. नुसता टक्काच महत्त्वाचा म्हणाल तर कुणी हलका अर्क घेऊन वरून शुद्ध घटक टाकून टक्का जुळवून देईल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

दुसरं म्हणजे तो टक्का मोजला कसा हे तर कुणी विचारतच नाही. वजनावर मोजायची जुनी पद्धत असते, त्यात द्रावकाने ओढलेलं इतरही बरंच काही वजनात धरलं जातं. एचपीएलसी नावाच्या मशीनवर एकेक घटक वेगळा काढून मोजतात. एकाच लॉटचा पहिल्या पद्धतीने आकडा फुगलेला येतो आणि एचपीएलसीवर तोच निम्म्याच्याही खाली उतरू शकतो. म्हणून एकाच्या "१० टक्के" आणि दुसऱ्याच्या "५ टक्के" यांची तुलनाच होत नाही जोपर्यंत पद्धत लिहिलेली नाही. कंपनीला मेल टाकून त्या बॅचचं सीओए मागा, म्हणजे तपासणीचा दाखला. चांगल्या कंपन्या देतात.

वैद्यबुवा, पानांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, पण ते पकडतो कोण? तोच टक्का, तेच मशीन. विदाफेरिन-ए एचपीएलसीवर वेगळं दिसतं म्हणूनच आम्ही सांगू शकतो की यात पानं घातलीत असा संशय आहे. मोजणीला नावं ठेवू नका.

गोदाकाठ:
मोजणीला नावं ठेवतच नाहीये ताई. भेसळ पकडायला मशीन हवंच. माझं म्हणणं एवढंच की भेसळ नाही हे सिद्ध झालं म्हणजे गुण सिद्ध झाला असं नाही. गुळवेलीचं घ्या. सत्त्व म्हणजे खोड कुटून पाण्यात ठेवून खाली बसतो तो पांढरा साका, बराचसा स्टार्चच. घन म्हणजे काढा आटवून आटवून घट्ट केलेला. दोन्ही एकाच वेलीची, दोन्ही "कॉन्सन्ट्रेटेड" म्हणून दुकानात शेजारी शेजारी, आणि देण्याची कारणं पूर्ण वेगळी. यातलं जास्त पॉवरफुल कोणतं असं पेशंट विचारतात तेव्हा प्रश्नच चुकलेला असतो.

सह्यकडा:
माझा वैद्यबुवांच्या चूर्णालाच विरोध आहे. ज्या चाचण्यांच्या जोरावर अश्वगंधा जगभर विकली जातेय त्यातल्या बहुतेक प्रमाणित अर्कावर झाल्यात, दिवसाला ३०० ते ६०० मिग्रॅ. चूर्ण घेणाऱ्याला त्या निष्कर्षांचा आधार घेताच येत नाही. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत एकाच दिवशी येणाऱ्या मुळ्यांचे किती दर्जे असतात बघा, जाड, बारीक, नुसते तंतू, सगळ्यांचं चूर्ण सारखंच दिसतं. डोस रोज तोच मिळायला हवा असेल तर अर्कच लागतो. आणि सकाळी सहाची शिफ्ट करणारा माणूस ५ ग्रॅम चूर्ण दुधात उकळत बसणार नाही, तो सोडून देईल.

हळकुंड:
सांगलीचा आहे, घरात तीन पिढ्या हळदीचा व्यापार. सह्यकडा, जास्त कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे जास्त सोयीचं एवढंच धरून चालू नका, त्याची दुसरी बाजू मला काळजीची वाटते.

साध्या हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास, वर्ध्याच्या वायगावची हळद त्याहून बरीच वर जाते म्हणून तर तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. ३ ग्रॅमचा एक चमचा धरला तर ९० मिग्रॅ. ९५ टक्केवाली ५०० मिग्रॅची एक कॅप्सूल म्हणजे ४७५ मिग्रॅ, पाच चमच्यांहून जास्त, आणि भाजीत आपण पाव चमचा टाकतो. वर त्यात काळ्या मिरीतलं पिपेरिन. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या लोकांनी दाखवलं की २० मिग्रॅ पिपेरिनने रक्तातलं कर्क्युमिन २००० टक्के वाढलं, तो आकडा आज प्रत्येक डब्यावर आहे. पण नुसतं घेतलं तर रक्तात जवळपास काही दिसतच नव्हतं, ही दुसरी ओळ कुणी छापत नाही. आणि पिपेरिन नुसतं कर्क्युमिनलाच आत सोडत नाही, इतर गोळ्या शरीरात मोडायची जी व्यवस्था आहे तिलाच अडवतं, त्यामुळे दुसऱ्या औषधांचं प्रमाणही रक्तात वाढू शकतं.

"आपली आजी रोज हळद खायची" हे इथे लागू पडत नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या सप्लिमेंट घेणाऱ्यांना कावीळ-हिपॅटायटिस झाल्याच्या केसेस सरकारकडे नोंदल्या गेल्या. मी हळद विकतो, तिच्यावर माझं घर चालतं, म्हणूनच सांगतोय की भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माळरान:
हे महत्त्वाचं आहे. ग्रीन टीचंही तसंच झालं, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की चहा प्यायला ठीक, पण सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिग्रॅ आणि वर ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक) गेलं की यकृताचे आकडे वाढायला लागतात. तरीही मी टक्का छापण्याच्या बाजूनेच आहे, कारण तो छापलाच नाही तर हळकुंडदादांनी आत्ता केला तो हिशोब कुणाला करताच येणार नाही. तुरटीताईंचं पद्धतीबद्दलचं मान्य, माझ्या दोन गोष्टींच्या चार करा, मिग्रॅ, टक्का, मोजायची पद्धत आणि झाडाचा कोणता भाग.

तुरटी:
पाचवी पण घ्या, लायसन्स. एकच अश्वगंधा आयुर्वेदिक औषध म्हणून एका कायद्याखाली विकता येते आणि न्यूट्रास्युटिकल, म्हणजे पूरक आहार, म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाखाली वेगळ्या नियमांनी. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असेल तर ते अन्न म्हणून आलंय, औषध म्हणून नाही.

उंबरठा:
सगळं वाचलं. माझ्या सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात आणि शेजारच्यांनी त्यांना ६०० मिग्रॅवाली अश्वगंधा आणून दिलीय, झोप लागावी म्हणून. डब्यावर ५ टक्के, फक्त मूळ, एचपीएलसी सगळं लिहिलंय. मग द्यायला हरकत नाही ना?

गोदाकाठ:
ताई, लगेच सुरू करू नका. अश्वगंधाने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, म्हणजे गोळी आणि हे मिळून डोस जास्त होईल, धडधड, घाम, आणि झोप आणखीच जाईल. डबा उत्तम आहे म्हणूनच जास्त जपायचं. त्यांच्या डॉक्टरांना डबा दाखवा.

सह्यकडा:
इथे मात्र वैद्यांशी सहमत. सुरू करायचीच ठरली तर आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या आणि मग सहा-आठ आठवड्यांनी परत, मधे गोळीचा डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.