हवामान बदल आणि आरोग्य: एमबीबीएस-नर्सिंगला गुण असलेला वेगळा भाग हवा का?

परळ_पीएसएम
हवा, असं माझं ठाम मत आहे. आज हा विषय पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या) एका लेक्चरमध्ये हरितगृह वायू सांगून संपतो. मुंबईतल्या इंटर्नला लागतं ते वेगळंच. उदाहरणार्थ, किनारपट्टीवर कमाल तापमान 37 अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश वर गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. 40 अंशांची अट मैदानी भागाची. ती पाठ करून कॅज्युअल्टीत उभा राहिलेला मुलगा "मुंबईत कसला उष्माघात" म्हणतो आणि रुग्ण हातचा जातो.

मेडिसिन_ओपीडी
विरोध. 54 महिन्यांत 19 विषय आहेत. विसावा आणलात की त्याचं गाईड निघेल, मुलं पाच व्याख्या घोकतील. उष्माघात हे मेडिसिनच आहे, फक्त नीट शिकवलं जात नाही. चूक होते ती अशी: काखेत थर्मामीटर लावतात, 39 दिसतं, ताप समजून मलेरियाची तपासणी पाठवतात आणि पॅरासिटामोल देतात. उष्माघातात मेंदूतला तापमानाचा सेट पॉइंट चढलेलाच नसतो, त्यामुळे गोळी लागू पडत नाही. शिवाय यकृताला आधीच मार बसलेला असतो. तापमान गुदद्वारातून घ्या. 40 च्या वर आणि जोडीला भ्रम, झटके किंवा बेशुद्धी असेल, तर आधी थंड करा, मग हलवा. अर्ध्या तासात 39 च्या खाली आणायचं. यासाठी वेगळा पेपर कशाला?

परळ_पीएसएम
कारण थंड कसं करायचं हे गावागणिक बदलतं, सर. अंगावर पाणी फवारून पंखा लावायचा, ही पद्धत बाष्पीभवनावर चालते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ती चांगली चालते. मुंबईच्या दमट हवेत घामच वाळत नाही, तिथे फवारा किती काम करणार? इथे ताडपत्रीवर झोपवून बर्फाचं पाणी ओतायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, पाणी हलवत ठेवायचं आणि 39 ला थांबायचं, नाहीतर तापमान नको तितकं उतरतं. हे हाताने करून घेणार कोण?

वॉर्ड_सिस्टर
नर्सिंगच्या मुलींना विसरू नका. डिस्चार्जच्या वेळी औषधं त्या समजावतात. फ्युरोसेमाइडने पाणी कमी होतं, कंपवातावरच्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी होतो, मनोविकारावरच्या लिथियमची रक्तातली पातळी पाणी आटलं की विषारी होते. मार्चमध्येच अशा रुग्णांची यादी काढून डॉक्टरांना डोस तपासायला सांगता येतं. स्वतः गोळी बंद करू नका, हेही बजावायला हवं. पत्र्याच्या खोलीत फ्रिज नसेल तर वापरातलं इन्सुलिन मातीच्या भांड्यात, ओल्या वाळूत ठेवायला शिकवावं. कुपी थेट पाण्यात नको.

मेडिसिन_ओपीडी
सिस्टर, हे सगळं मान्य. माझा राग आहे तो प्रत्येक आजार हवामान बदलाच्या खात्यात टाकण्यावर. डेंग्यू घ्या. ऊब वाढली की एडिसमध्ये, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासात, विषाणू लवकर तयार होतो, हे खरं. पण प्रसाराला सर्वाधिक पोषक तापमान 29 अंशांच्या आसपास आहे, 34-35 च्या पुढे डासच लवकर मरतात. आणि अळ्या सापडतात त्या पिंपात, कारण नळाला दोन तास पाणी येतं. बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी डास. मुलांनी पिंप आठवड्याला घासून कोरडं करायला सांगावं. नुसतं रिकामं करून भागत नाही, एडिसची अंडी सुकून महिनोन् महिने टिकतात.

परळ_पीएसएम
म्हणजे हवामान, पाणीपुरवठा आणि कीटकशास्त्र एकत्र शिकवायचं. मीही तेच म्हणतेय! लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) तसंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, त्यामागून लेप्टोची साथ आली. आता महापालिकेची सूचना ठरलेली आहे: जखम नसताना एकदाच साचलेल्या पाण्यातून गेलेल्या प्रौढाला 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 200 मिग्रॅ एकदा, जखम असेल तर तीन दिवस, रोजच पाण्यात काम असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर आणि आठ वर्षांखालच्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. गोळी भरल्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत. घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत व्रण होतो. आणि काविळीची वाट पाहू नये. ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे इतक्यावरच संशय घ्यावा.

भूलतज्ज्ञ
आमच्याकडचंही घाला. डेस्फ्लुरेन हे हुंगवायचं भुलीचं औषध वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2500 पट वातावरण तापवतं, सेव्होफ्लुरेन हे दुसरं औषध त्याच्या कितीतरी कमी. स्कॉटलंडने 2023 मध्ये डेस्फ्लुरेनचा वापर थांबवला. सोपा उपाय म्हणजे फ्रेश गॅस फ्लो (भूल यंत्रात सोडलेल्या ताज्या वायूचा प्रवाह) मिनिटाला एक लिटरच्या खाली ठेवणं. मात्र ऑक्सिजन आणि भुलीच्या औषधाचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर नसेल तर करू नये.

मेडिसिन_ओपीडी
हे रेसिडेंटना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) शिकवा, एमबीबीएसला नको. पेपरला माझा विरोध कायम आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत दोन स्टेशनं, म्हणजे करून दाखवायचे दोन टप्पे, मात्र चालतील. पहिल्यावर ताडपत्री आणि थर्मामीटर. काखेत लावला की शून्य. दुसऱ्यावर पाण्यातून आलेले तिघे: जखमी कामगार, गरोदर बाई, सहा वर्षांचा मुलगा. तिघांपैकी एकाचाही डोस चुकला तर पुन्हा बसवा.