शब्दचर्चा: ‘कंट्री हाऊस’ला वाडा म्हणावं का?

प्रश्न

स्कॉटलंडमधल्या होपटून हाऊसवरचा एक लेख मराठीत आणते आहे. एडिंबराच्या पश्चिमेला, फोर्थच्या खाडीजवळ एका उमराव घराण्याचं हे भव्य घर आहे. ‘जॉर्जियन’ आणि ‘कंट्री हाऊस’ या दोन शब्दांपाशी चार दिवस अडले आहे. दुसऱ्यासाठी ‘ग्रामीण घर’ लिहून पाहिलं, तर डोळ्यांपुढे सारवलेलं अंगण आणि कोंबड्या आल्या. ‘वाडा’ चालेल का?

प्रतिसाद १

ताई, शिवकालीन, पेशवेकालीन म्हणतो त्या चालीवर ‘जॉर्जकालीन’ म्हणा. नुसतं ‘जॉर्जियन’ वाचून माणूस जॉर्जिया देशात जाऊन पोचतो. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, तो हा काळ. एक मात्र जपा. होपटूनचं मूळ घर विल्यम ब्रूस या वास्तुरचनाकाराने १६९९ मध्ये बांधायला घेतलं, म्हणजे पहिला जॉर्ज यायच्या आधी. १७२१ पासून विल्यम ॲडम या दुसऱ्या वास्तुरचनाकाराने ते वाढवलं आणि पूर्वेचा भव्य दर्शनी भाग उभा केला. १७४८ मध्ये तो वारला. पुढचं काम जॉन आणि रॉबर्ट या त्याच्या मुलांनी पुरं केलं. बागेकडची पश्चिमेची बाजू अजून ब्रूसचीच आहे. म्हणून सगळ्या घराला सरसकट जॉर्जकालीन म्हणू नका.

प्रतिसाद २

‘वाडा’ला माझा ठाम विरोध आहे. आकाराचा प्रश्न नाही, तोंड कुठे आहे त्याचा आहे. आपला चौसोपी वाडा आत बघतो. रस्त्याकडे भिंत आणि दिंडीदरवाजा. उजेड, वारा, तुळस, बायकांचा वावर सगळं चौकात. होपटून बाहेर बघतं. समोर मोकळी हिरवळ, मधे मुख्य इमारत, दोन्ही बगलांना छोट्या इमारती, आणि त्यांना जोडणारी खांबांची ओळ हात पसरल्यासारखी वळत पुढे येते. लांबून येणाऱ्याला घर आधी पूर्ण दिसावं, अशी ती मांडणी आहे. ‘वाडा’ म्हटलं की वाचक मनात चौक बांधतो आणि मग पुढचं एकही वर्णन त्याला लागत नाही.

अशा घरांच्या आधी स्कॉटलंडातले सरदार जाड भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या उंच मनोऱ्यासारख्या घरांत राहत. त्या घरांना ‘गढी’ हा आपला शब्द चपखल बसतो. गढीतून बाहेर येऊन मोठ्या खिडक्या उघडल्या, तिथून कंट्री हाऊसची गोष्ट सुरू होते.

प्रतिसाद ३

‘हवेली’, ‘कोठी’ही नकोत, त्या शहरातल्या वाटतात. या घराचा प्राण भोवतालच्या जमिनीत असतो. कुळांकडून येणाऱ्या खंडाच्या पैशावर ते उभं राहतं. मी ‘जहागिरीतला महाल’ लिहीन. जहागीर राजाने दिलेली आणि ही जमीन मालकीची, एवढा फरक उरतो, पण जमीन आणि रुबाब दोन्ही पोचतात.

भिंतीला चिकटलेल्या चपट्या खांबांना ‘अर्धस्तंभ’ म्हणा. लेणी आणि देवळांवरचं वाचणाऱ्याला तो ओळखीचा आहे. दिवाणखान्यातल्या छताच्या नक्षीला ‘प्लास्टर’ म्हणू नका, आज त्या शब्दाने सिमेंटची सपाट भिंत आठवते. ‘गचकाम’ किंवा सरळ ‘चुन्यातली नक्षी’. पेशवाईतल्या देवळांच्या शिखरांवर चुन्यात घडवलेल्या मूर्ती पाहिलेल्यांना लगेच कळेल. फक्त इथे वर सोन्याचा मुलामा आहे.

प्रश्नकर्ती

‘तोंड कुठे आहे’ याने गाठ सुटली. पहिल्यांदा ‘जहागिरीतला महाल, म्हणजे कंट्री हाऊस’ आणि पुढे ‘महाल’ असं ठेवते. ‘खांबांची ओळ’ आणि ‘गचकाम’ दोन्ही घेते.

प्रतिसाद २

छान. आणि लेखात एक ओळ जरूर घाला: १९३६ ते १९४३ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो होपटूनच्या याच घराण्यातले. गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला तेव्हा दिल्लीत तेच होते. त्या नावापाशी मराठी वाचक नक्की थांबेल.