पत्रा किती वाचला? जुन्या लष्करी गाड्यांच्या पत्राकामाचे अनुभव

पाऊणटनी

माझ्या शेडमध्ये गेले चौदा महिने एक डॉज उभी आहे. डब्ल्यूसी-५२, पाऊण टनी, पुढे विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) असलेली. १९४२ ते १९४५ या काळात अमेरिकेत बनलेल्या या गाड्या युद्ध संपल्यावर डिस्पोजलात निघाल्या आणि ज्याला जे हवं ते त्याने त्यांचं केलं. माझ्या गाडीच्या मागे कुणीतरी क्रेनचा दांडा बसवून तिला ब्रेकडाऊनची गाडी केली, मग ती खाणीवर राबली, आणि शेवटी आंब्याखाली उभी असताना कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. इंजिन तीन महिन्यांत सुरू झालं. पत्रा अजून चालूच आहे.

इंजिनाबद्दल सगळे भरभरून लिहितात. पत्र्याचं नाव काढलं की "डेंटरकडे टाकली" एवढ्यावर विषय मिटतो. म्हणून फोरमवर हा धागा. चकाचक फोटो नकोत, काय फसलं ते सांगा. सुरुवात माझ्यापासून.

डावं मडगार्ड. वरून एकदम गुळगुळीत, पण चुंबक चिकटेना. तासायला घेतलं तर करंगळीएवढा जाड लांबीचा (पुट्टीचा) थर, त्याखाली डांबरात बुडवलेलं गोणपाट, आणि त्याखाली वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा, पितळेने झाळून बसवलेला. डब्यावरचं झाड अजून हिरवं होतं! मी डबा कापून काढला, नवा तुकडा घातला आणि कडेला लागलेलं पितळ तसंच ठेवून त्यावर मिगने (तारेच्या विजेच्या वेल्डिंगने) शिवण मारली. निवता निवता शिवणीला केसाएवढी चीर. घासून पुन्हा मारली, पुन्हा चीर. तिसऱ्या खेपेला अक्कल आली. पितळ वितळून लोखंडाच्या जोडात शिरलं की जोड ठिसूळ होतो. पितळ लागलेली कड पुरती कापून टाकायची, मग तुकडा मोठा झाला तरी चालेल. वीतभर भोकापायी माझा हातभर पत्रा गेला.

कुर्लेकर

आमच्या पप्पांनी चाळीस वर्षं डेंटिंग केलं. डॉज आमच्या गल्लीला नवी नाही, प्रीमियरच्या कारखान्यात इथेच कुर्ल्यात बनायच्या.

तुमचं काम पितळेने बिघडवलं, माझा दरवाजा उष्णतेने गेला. निसान वन-टन या लष्करी ट्रकचा दरवाजा, खालची चार बोटं कुजलेली. पट्टी कापली, बसवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ वेल्डिंग मारत गेलो. झालं, दरवाज्याला पोट आलं. दाबलं की टक्, सोडलं की टक्, तेलाच्या डब्यासारखं.

पप्पा बघायला आले. "काय रे, शिलाई मशीन चालवलीस काय?" मग खाली बसून समजावलं. तापलेला पत्रा फुगायला बघतो, पण भोवतीचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो जागच्या जागी जाड होतो, आणि निवताना आखडून आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा त्यांच्या मधे. मधून मधून हात लावायचा, चटका बसला तर चहा पिऊन यायचं. टाका घासून सपाट झाला की मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीचे हलके ठोके द्यायचे, म्हणजे आखडलेलं तेवढं परत पसरतं. ते स्वतः गॅसनेच जोडायचे. गॅसची शिवण मऊ राहते, ठोकू देते, मिगची कडक. पण गॅसची आच लांबवर पसरते, हात बसलेला नसेल तर अख्खं पॅनल वाकडं.

पोट उतरवायला रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, भोवतीने हलके ठोकायचं आणि ओल्या फडक्याने विझवायचा. असे अकरा ठिपके मारले. दरवाजा बसला. अजून मोठ्या खड्ड्यात आपटला की एक बारीक टक् येतो. मी रेडिओ लावतो.

गुऱ्हाळवाला

वेल्डिंगचं बोलताय सगळे, पण आधी गंज काढा की राव. मी जोंग्याचं, म्हणजे लष्करी जीपसारख्या गाडीचं, बॉनेट सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज काढायला) दिलं. मोठ्या सपाट पत्र्यावर जोरात वाळू मारली की त्याचा वरचा थर ताणतो आणि पत्रा फुगतो, हे मला कुठं ठाऊक? बॉनेट परत आलं ते कढई होऊन. चूक माझीच, दाब कमी ठेवा असं सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला काकवी. हसू नका. परदेशात जुन्या गाड्यांचे सुटे भाग उसाच्या मळीच्या पाण्यात भिजवतात. मळी आपल्याकडे अशी सहज हातात येत नाही, तिच्यावर एक्साइजचं लक्ष. पण आमचं घरचं गुऱ्हाळ, करपलेल्या काकवीला कोण विचारतो? एक भाग काकवी, दहा भाग पाणी, प्लास्टिकची टाकी. ग्रिल, बिजागऱ्या, बॅटरीचा ट्रे, सगळं तीन आठवडे बुडवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी फेस, आठव्या दिवशी असला वास की आई म्हणाली, "दारू पाडतोस का रं?" मुंगळ्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. पण बाहेर काढलं तेव्हा पत्रा पाटीसारखा करडा. गंज तेवढा गेला, चांगल्या लोखंडाला धक्का नाही. घाई फक्त त्यानंतर. धुतल्यावर पंधरा मिनिटांत परत तांबूस व्हायला लागतो, म्हणून गरम पाण्याने धुवायचं, ब्लोअर मारायचा आणि तिथंच प्रायमर. एक अ‍ॅल्युमिनियमचं झाकण चुकून आत राहिलं होतं, त्याची चाळण झाली.

फ्लोअरच्या पन्हाळ्यांचं सांगायचं राहिलं. पायाखालच्या पत्र्याला ज्या लांब नाळ्या असतात ना, त्या शोभेच्या नव्हेत, त्यांच्यामुळं पत्रा ताठ राहतो. सपाट तुकडा मारला की तिथं पाय ठेवल्यावर हिंदकळतं. उद्यमनगरात मशीनवर काढून मिळतात, पण माझा तुकडा वाकडातिकडा होता, मशीनमध्ये जाईना. बाभळीच्या फळीत नाळ कोरली, पत्रा वर शिकंजात आवळला आणि बोथट छिन्नीने इकडून तिकडं शंभर फेऱ्या. एकाच जागी खोल मारलं की फाटतो. एक दुपार गेली, हात दोन दिवस दुखले.

नवशिका

छपराचा उरलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा फ्लोअरला मारला, तेही बंद शेडमध्ये. रात्री हुडहुडी, तोंडात गोडसर चव. घरचे म्हणाले मलेरिया. सकाळी आपोआप उतरलं. जस्ताचा धूर होता तो. साधा सीआर (जस्त न चढवलेला) पत्रा घ्या आणि दार उघडं ठेवा, बाकी मला अजून काही येत नाही.

देवळालीची लेक

माझे बाबा ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जोंगा घेतली. जबलपूरला १९६९ पासून तीस वर्षं बनत होती तीच. बाबांचे गुडघे गेल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणजे काम माझं, खुर्चीवर बसून सूचना त्यांच्या.

मी रंग कोरडा घासत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे पाणी टाकून घासायचं आणि मास्क लावायचा, मग शेजारी काहीही म्हणोत. बॉनेटच्या कडेला हिरव्याखाली दुसरा हिरवा, त्याखाली मातकट, आणि मागच्या पॅनलवर अर्धवट पांढरा बाण उमटला, लष्करी नंबराच्या सुरुवातीला असतो तो, वर टोक केलेला. बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "इथून पुढे हात लावू नकोस."

खरा वाद झाला तो मागच्या चाकाच्या कमानीवर. तिथे रिव्हेट मारलेला एक चौकोनी तुकडा होता, कडा ओबडधोबड. डेंटरदादा म्हणाले, कापून नवीन घालू, दिसणारही नाही. बाबांनी तुकड्याच्या कोपऱ्यालगतचं बारीक भोक दाखवलं. पत्र्याची चीर जिथे संपते तिथे असं भोक पाडलं की ती पुढे सरकत नाही, आणि वरून रिव्हेटचा तुकडा. "वेल्डिंग सेट तळावर राहिलेला असला की हेच करतात. असे मी किती मारलेत." हा तुकडा त्यांचा नाही, कुण्या दुसऱ्याच क्राफ्ट्समनचा. तो ठेवला. मागून गंज साफ करून प्रायमर भरला, एवढंच.

रंगाबद्दल सावध करते. ऑलिव्ह हिरवा लावायचा माझा हट्ट होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ वाचा : तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आमची आता करडी आहे. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला मूळ हिरवा तसाच सोडलाय.

म्हापशेकार

विलीज जीपवाल्यांनो, फ्लोअर वरून बघून खूश होऊ नका. खालून जे लांब टोपीच्या आकाराचे चॅनल जातात त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं. कारखान्यातूनच! आमच्या पावसात ते लाकूड भिजतं, फुगतं, वाळतच नाही, आणि पत्रा आतून खात बसतं. माझं फ्लोअर वरून छान होतं. जॅक लावला तर जॅक सरळ आत गेला.

दोन वाटा होत्या. तयार टब (जीपची अख्खी बॉडी) मिळतात, हरियाणातल्या डबवालीचे मिळतात, फिलिपिन्सहूनही येतात. टब आणून जुना भंगारात दिला असता तर आठ दिवसांत काम संपलं असतं. पण माझी जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली विलीजसारखीच जीप. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरही, 'एफ' ठोकलेला असतो. टब बदलला की ते एफ पण गेले. म्हणून फक्त चॅनल आणि फ्लोअरचा पुढचा अर्धा भाग नवा केला, १८ गेजमध्ये. आत सागाच्या पट्ट्या, जवसाच्या तेलात आठवडाभर मुरवलेल्या, आणि चॅनलला पाणी निघून जायला भोकं. कापायच्या आधी दाराच्या कटाला आडवे-तिरपे अँगल टाचून घ्या. मी एका बाजूचा विसरलो. टब अर्धा इंच पसरला आणि पुढची काच काही केल्या बसेना.

ऑन्टॅरिओकर

इथे एका शेजारच्या आजोबांच्या खळ्यात चेव्हरोलेचा सीएमपी ट्रक आहे. युद्धात कॅनडाने ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी बनवलेला नमुना. चेव्हरोले ओशावाला बनायची, फोर्ड विंडसरला. भारतीय सैन्याकडेही होत्या. पुढची काच वरून बाहेर झुकलेली, म्हणजे उन्हात वरून चमकू नये. ते केबिन पाहिलं की ट्रक रागावून बघतोय असं वाटतं.

इथला शत्रू म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. मी पहिला तुकडा कुजलेल्या जागेवर आच्छादून मारला, कडेला बोटभर चढवून. आजोबा काही बोलले नाहीत. दोन हिवाळ्यांनंतर त्याच जागी नेऊन स्क्रू-ड्रायव्हर टोचायला दिला. आरपार गेला. चढवलेल्या जोडाच्या फटीत खारं पाणी अडकून राहतं. आता कड कडेला भिडवूनच जोडतो. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मधे पत्र्याच्या जाडीएवढीच फट ठेवायची, आणि मागे तांब्याची पट्टी धरायची. तांब्याला वेल्ड चिकटत नाही, उष्णता तेवढी पिऊन घेतं.

पाऊणटनी

देवळालीच्या ताईंचं वाचून काल मडगार्डाची उरलेली लांबी उतरवताना हात आखडला. डब्याचा पत्रा मी फेकून दिलाय, खजुराच्या झाडासकट. आता हळहळ वाटते.

टबबद्दल एक भर घालतो. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. अख्खा टब बदलणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. माझ्या क्रेनच्या दांड्याचं काय करायचं, हा प्रश्न यातूनच निघालाय. तो काढला की मागच्या पत्र्याला मोठमोठी चौदा भोकं राहतात, ठेवला तर ती डब्ल्यूसी-५२ राहत नाही. घरात दोन तट पडलेत. तोवर उजवं मडगार्ड काढून ठेवलंय. कुर्लेकर, तुमचे पप्पा पुण्याकडे कधी येणार असतील तर कळवा, चहा माझ्याकडून.