घरच्या प्रिंटरवर फॅक्स : फायबरच्या फोनला जोडणी कशी करावी?

रावेर (प्रश्न)
आमचा केळी खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. परराज्यातील एका जुन्या ग्राहकाचे कार्यालय सही-शिक्क्याचे मागणीपत्र आजही फॅक्सनेच पाठवते आणि आमचे उत्तरही तसेच मागते, म्हणून फॅक्सची सोय असलेला ऑल-इन-वन प्रिंटर घेतला. वाय-फायवरून छपाई आणि स्कॅनिंग व्यवस्थित होते. मात्र फॅक्स पाठवताना 'डायल टोन नाही' असा संदेश येतो आणि बाहेरून फॅक्स आला की फोन वाजतो, उचलल्यावर थांबून थांबून येणारा बारीक सूर तेवढा ऐकू येतो. फोन फायबरच्या मोडेममधून घेतला आहे. काय बदलावे, कृपया सांगावे.

भुसावळ
फॅक्सचा वाय-फायशी संबंध नाही, त्याला फोनची लाइनच लागते. प्रिंटरच्या मागे सारखीच दिसणारी दोन सॉकेट असतात. मोडेमच्या फोन-सॉकेटमधून येणारी वायर 'लाइन' असे लिहिलेल्या सॉकेटमध्ये 'टक्' आवाज होईपर्यंत बसवावी आणि घरातला फोन 'एक्स्ट' असे लिहिलेल्या सॉकेटला लावावा. आपल्याकडे बहुधा ही अदलाबदल झाली आहे. तो बारीक सूर म्हणजे पलीकडचे यंत्र पाठवत असलेली 1100 हर्ट्‌झची खूण होय. प्रिंटरने स्वतः फोन उचलून ती ओळखावी यासाठी 'ऑटो आन्सर' चालू करावे. त्याच नंबरवर घरचे फोनही येत असतील, तर आपल्याला आधी उचलता यावा इतक्या रिंग ठेवाव्यात.

धुळे
वरील जोडणी योग्यच आहे, पण फायबरवर तेवढ्याने काम भागेलच असे नाही. तांब्याच्या तारेवर आवाज सलग जात असे. फायबरवर त्याचे डेटाचे तुकडे होतात आणि एखादा तुकडा उशिरा पोहोचला तरी फॅक्स मध्येच तुटतो. म्हणून फॅक्सच्या सेटिंगमधील वेग 33,600 वर असेल तर 14,400 वर आणि तरीही अडचण आली तर 9,600 वर आणावा. आपली फोनसेवा 'टी.38' पद्धतीने, म्हणजे डेटाच्या जाळ्यावरून फॅक्स नेण्यासाठीच ठरवलेल्या पद्धतीने, फॅक्स नेते का, हेही सेवा देणाऱ्यांना विचारावे. त्रुटी-सुधारणा, म्हणजे 'ईसीएम', बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय असावा, कारण ती बंद असताना खराब ओळी तशाच छापल्या जातात आणि मागणीपत्रातला एखादा आकडा वाचता न येणे व्यापारात परवडणारे नाही.

रावेर
वायरी बदलताच डायल टोन आला, वेगही 9,600 केला आणि मागणीपत्र स्वच्छ उतरले. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे वीज वारंवार जाते, तेव्हा येणाऱ्या फॅक्सचे काय होईल?

भुसावळ
जुन्या लाइनला एक्स्चेंजकडून वीज मिळत असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी साधा फोन चालू राहत असे. फायबरचा मोडेम मात्र घरच्याच विजेवर चालतो, म्हणून मोडेम आणि प्रिंटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. कागद संपला असताना आलेली पाने प्रिंटर मेमरीत ठेवतो, परंतु काही मॉडेलमध्ये वीज जाताच ती पुसली जातात. त्यामुळे रात्री ट्रेमध्ये कागद आहे याची खात्री करूनच झोपावे.